चपळाईच सगळं खाऊन टाकते, काय करू?

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचे रोल-प्लेइंग गेम घरीच बनवणाऱ्यांची बरीच पत्रं यावेळी आलीत आणि मला फार बरं वाटलं, कारण गोष्टी आपल्या आहेत, खाडी आपली, घाट आपला, सीमेचा राखणदार देवचार आपला. दुखणं मात्र जवळजवळ सगळ्यांचं एकच, कॅरॅक्टरचे स्टॅट (बळ, चपळाई अशा गुणांचे आकडे) आणि अ‍ॅबिलिटी यांचा बॅलन्स जमत नाही. म्हणून यावेळचं पान त्यालाच दिलंय. पत्रं जागेसाठी थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न (फोंडा, कॉलेजचा ग्रुप): ताई, आम्ही पाच जणांनी मिळून एक गेम बनवलाय. जुन्या काळातलं काल्पनिक गोवा, खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली), जंगल, किल्ले वगैरे. सहा स्टॅट आहेत: बळ, चपळाई, दम, अक्कल, श्रद्धा आणि वट. प्रत्येकाला ३० पॉइंट, हवे तसे वाटायचे, एका स्टॅटला कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १०. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात स्टॅट मिळवायचा, १५ किंवा जास्त झाले की काम फत्ते. कागदावर एकदम फेअर वाटत होतं. पण खेळायला बसलो तर खारवी, धनगर, वैद्य, घाडी (देवाभुतांचं बघणारा), चौघांचीही चपळाई १० आणि वट १! चौघेही एकसारखे खेळतात. कुठे गडबड झाली?

उत्तर: पॉइंट सगळ्यांना सारखे दिलेत ते बरोबरच आहे पण त्या पॉइंटनी जे विकत मिळतं ते सारखं नाहीये. स्टॅटची खरी किंमत ठरते तो खेळात किती वेळा विचारला जातो आणि विचारला जातो तेव्हा पणाला काय लागलेलं असतं यावरून, बाकी कशावरून नाही. तुम्ही पाठवलेले नियम मी नीट वाचले. वार लागला का, चपळाई. वार चुकवला का, चपळाई. आधी कोणाची टर्न, चपळाई. लपणं, चढणं, कुलूप उघडणं, सगळं चपळाई. आणि वट कशासाठी, तर बाजारात भाव करायला! आता हिशोब बघा, तुमच्या नियमात स्टॅट १ असेल तर फाशावर १४ किंवा वर यायला हवेत म्हणजे ३५%, आणि स्टॅट १० असेल तर ५ किंवा वर म्हणजे ८०%. नऊ पॉइंट टाकून चपळाईवाल्याला सहा वेगवेगळ्या कामांत ४५ टक्क्यांची उडी मिळते, त्यातली तीन तर जीव वाचवणारी, आणि तेच नऊ पॉइंट वटमध्ये घातले तर बांगडे दोन पैशांनी स्वस्त मिळतात. तुमचे मित्र नीट विचार करूनच पॉइंट टाकताहेत, त्यांना बोल लावू नका, तुमच्या नियमांनीच त्यांना तसं शिकवलंय.

पुढच्या वेळी खेळताना एक काम करा. एकाने वही घेऊन बसायचं आणि प्रत्येक वेळी फासा पडला की कुठल्या स्टॅटसाठी पडला त्याच्यापुढे रेघ मारायची, आणि त्या फाशावर जीव, माणूस किंवा मोठी वस्तू पणाला लागली असेल तर रेघेवर गोल. दोन-तीन बैठका झाल्या की ते पान बघा. जिथे रेघांची गर्दी तिथलं काम थोडं दुसरीकडे हलवायचं, जिथे कोरं तिथे काम निर्माण करायचं. गेम बनवणारे आधी आकडे बदलायला जातात, चपळाईला जास्तीत जास्त ८ ठेवूया वगैरे, पण त्याने काय होतं तर चौघेही १० ऐवजी ८ घेतात आणि चौघेही परत सारखेच!

तर काम हलवूया. आधी टर्न कोणाची हे अक्कलवर टाका, धोका आधी कोणाच्या लक्षात आला हाच त्याचा अर्थ. कोयता, कुऱ्हाड, वल्हं अशा जड हत्यारांचा वार बळावर, फेकायच्या आणि नेमाच्या हत्यारांचा चपळाईवर. चढणं आणि पोहणं दमावर. वार चुकवणं, लपणं आणि कुलूप राहू दे चपळाईकडे, तरी तो चांगला स्टॅट राहतोच. सातवा स्टॅट काढायचा मोह होईल तो आवरा, सहा पुरे आहेत, किंबहुना चारसुद्धा पुरले असते.

आता वट, यावर मला जास्त बोलायचंय कारण तुमच्या गेमची जागाच अशी आहे की वट सगळ्यात भारी स्टॅट व्हायला हवा होता. खाजनात खेळता ना? मग मानस डोळ्यासमोर आणा. बांधात बसवलेलं लाकडी दार, भरतीचं पाणी चढलं की पाण्याच्याच दाबाने बंद होतं, ओहोटी लागली की शेताच्या बाजूचं पाणी ते ढकलून उघडतं आणि बाहेर जातं. ते दार अडवून धरलं, किंवा भलत्या वेळी उघडं ठेवलं, तर खारं पाणी शेतात शिरणार आणि गावाचं भात जाणार. आता तुमच्या चौघांना रात्री होडीने त्या मानशीतून आत शिरायचंय कारण मागे शिपाई लागलेत. दार कोणाच्या हातात? गावकरांच्या. तिथे मासे धरायचा हक्क ज्याने पावणीत (लिलावात) घेतलाय त्याच्या. तिथे वट १ घेऊन उभे राहा बरं! तो माणूस नाही म्हणाला तर बांधावरून चालत जावं लागेल, दोन्हीकडे चिखल, अंगावर शिपायांच्या मशालींचा उजेड. असा एक प्रसंग एका बैठकीत घाला, पुढच्या कॅरॅक्टरला वट कोणीतरी आपणहून घेईल, तुम्हाला सांगावं लागणार नाही.

हे झाल्यावर, नंतरच, पॉइंटची किंमत चढती करा. मोठ्या गेममध्येही हीच युक्ती आहे, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या आवृत्तीत २७ पॉइंट मिळतात, स्टॅट ८ पासून सुरू होतात, १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट आणि १४ आणि १५ ला दोन-दोन, म्हणजे ८ वरून १५ ला जायला ९ पॉइंट जातात. तुमच्यासाठी असं करा, ५ पर्यंत एक-एक पॉइंट, ६ ते ८ दोन-दोन, ९ आणि १० तीन-तीन. मग ३० पॉइंटमध्ये सहाही स्टॅट ५-५ येतात, किंवा एक १० घेतला तर १७ पॉइंट तिथेच गेले आणि बाकी पाच स्टॅटना मिळून उरले १३. ज्याला एकाच गोष्टीत वाघ व्हायचंय त्याने व्हावं पण त्याची किंमत मोजून.

आणि चौघांना वेगळं करायला आकड्यांच्या फार मागे लागू नका. प्रत्येकाला एक अशी अ‍ॅबिलिटी द्या जिच्यासाठी फासा लागतच नाही. खारव्याला पाणी कधी चढणार कधी उतरणार हे नुसतं माहीत असतं, जीएमने (खेळ चालवणाऱ्याने) त्याला खरं सांगायचं. धनगराला जनावरं बुजत नाहीत. वैद्य माणसाकडे बघून सांगतो की हा किती दिवसांचा उपाशी आहे. बॅलन्स करायला या एकदम सोप्या, कारण कुठे बेरीज नाही, कुठे डॅमेज (वाराने होणारी इजा) नाही, आणि तरी खेळणाऱ्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं.

ताजा कलममध्ये विचारलंय की वीस बाजूंचा फासा सगळ्यांकडे नाही तर सापशिडीचे दोन फासे चालतील का. चालतील, पण स्टॅट तसेच ठेवून चालणार नाही. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा ५% ने येतो म्हणून +१ म्हणजे कुठेही ५%च. दोन फाशांच्या बेरजेत ३६ शक्यता, त्यात ७ सहा प्रकारे येतो आणि १२ एकाच प्रकारे. ८ लागत होते तिथे ७ लागले तर ४१.७% चे एकदम ५८.३% होतात, आणि १२ च्या जागी ११ लागले तर २.८% चे ८.३%. मधल्या भागात +१ फार मोठा असतो, म्हणून तिथे स्टॅट -१ ते +३ एवढेच ठेवायचे. २०१० साली आलेल्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या रोल-प्लेइंग गेमने याच दोन फाशांवर अख्खा खेळ उभा केला, १० किंवा वर म्हणजे पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे काम होतं पण काहीतरी द्यावं लागतं, ६ किंवा खाली म्हणजे जीएमची पाळी. तुमच्या मानशीच्या प्रसंगाला हे "काम होतं पण" फार शोभेल. दार उघडतो, पण होडीतलं अर्धं मीठ ठेवून जा म्हणतो.

प्रश्न (म्हापसा): आमच्या घाडीची अ‍ॅबिलिटी आहे देवचाराला हाक मारायची, दिवसातून एकदा. देवचार आला की लढाई संपली. पण सगळे प्रत्येक लढाईनंतर झोपतात आणि सकाळी परत देवचार! मी पॉवर कमी केली तर घाडी खेळणारी मैत्रीण रुसली, म्हणते माझंच का नर्फ (कमजोर) करतोस.

उत्तर: तिचं बरोबर आहे. तिने ते कॅरॅक्टर त्या एका गोष्टीसाठीच घेतलं असणार, तीच कापली तर तिच्याकडे राहिलं काय. गडबड देवचाराच्या ताकदीत नाही, "दिवसातून एकदा" या दोन शब्दांत आहे, कारण तुमच्या खेळात दिवस फुकट मिळतो. झोपायला काही लागत नाही तर कोण नाही झोपणार?

वेळेला किंमत लावा. आपल्याकडे त्याला घड्याळाची पण गरज नाही, भरती-ओहोटी आहे की! एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी. कागदावर सहा चौकोन काढा आणि टेबलाच्या मधोमध ठेवा, एक भरती गेली की एक चौकोन भरायचा, आणि प्रत्येक चौकोनाला शत्रू काय करणार ते तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं असायचं. दुसऱ्या भरतीला ते फेरी ताब्यात घेतात, चौथ्याला बांध फोडतात, सहाव्याला देऊळ. हे सगळ्यांना दिसलं पाहिजे, लपवून ठेवलंत तर उपयोग शून्य. मग झोपायचं की नाही यावर टेबलावर खरी भांडणं होतील आणि ती भांडणं म्हणजेच खेळ.

दुसरं, देवचार हा काही तोफगोळा नव्हे हो. तो आपल्या सीमेचा राखणदार. रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो असं आपल्याकडे म्हातारी माणसं सांगत आलीत, त्याला रोट आणि विडी ठेवतात. तेच नियमात आणा. गावाच्या सीमेच्या आतच तो येणार. हाक मारायची तर रोट जवळ हवा, आणि रोट केव्हातरी कोणीतरी भाजलेला असायला हवा, म्हणजे तयारी आली. आणि तो आला की लढाई संपवणार नाही, तो वाट दाखवेल किंवा शत्रूची वाट चुकवेल, दोन टर्न शत्रू तिथल्या तिथे फिरत राहील. मैत्रिणीला सांगा की ताकद कमी केलेली नाही, बदललीय, आणि आता ती लढाईच्या बाहेरही वापरता येते, रात्री रानातून जाताना, हरवलेलं पोर शोधताना. माझं पक्कं मत आहे की लढाई संपवणारी अ‍ॅबिलिटी एकदाच मजा देते आणि प्रसंग बदलून टाकणारी दर वेळी देते. तुमच्या टेबलावर कोणाच्या घरी देवचाराला मानत असतील तर त्यांनाही विचारा काय चालेल काय नाही, त्यांच्याकडून तुम्हाला असे बारकावे मिळतील की तुमचा नियम आपोआप सुधारेल.

प्रश्न (मडगाव, एक मामा): भाच्यांना घेऊन खेळतो, वय दहा ते तेरा. तीन फासे टाकून स्टॅट काढतो, मुलांना तेच आवडतं. पण एकाला १६, १५, १४ पडले आणि धाकट्याला ६, ७, ९. धाकटा रडला. पॉइंट वाटायला लावू का?

उत्तर: नको, फासे टाकण्यातली मजा मुलांकडून काढून घेऊ नका. तीन फाशांच्या २१६ शक्यता असतात, सरासरी १०.५, साधारण दोन तृतीयांश वेळा ८ ते १३ मध्येच येतं, १५ किंवा वर येण्याची शक्यता नऊ-साडेनऊ टक्के आणि १८ तर २१६ मध्ये एकदा. म्हणजे एका कॅरॅक्टरला सहा स्टॅट काढताना एखादं टोक येणारच आणि दोन मुलं शेजारी बसली की फरक डोळ्यात भरणारच. १९७४ मध्ये पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये असेच तीन फासे टाकायचे, पण तिथे स्टॅटचा परिणाम आजच्यापेक्षा कमी होता, तुमच्या नियमात तो प्रत्येक फाशावर आहे.

असं करा, सगळ्या मुलांनी एक-एक स्टॅट टाकायचा, मिळून सहा आकडे, ते फळ्यावर लिहायचे, आणि तेच सहा आकडे सगळ्यांनी वापरायचे, कुठला कुठे लावायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. फासे सगळ्यांनी टाकले, नशीब सगळ्यांचं एक, आणि एकाने १७ टाकला तर बाकीचे त्याच्या नावाने ओरडतील. धाकट्याला पहिला फासा द्या.

प्रश्न (पेडणे): आमच्यात एकजण दशावतारात काम करतो. त्याच्या कॅरॅक्टरची वट २ आहे पण तो असा बोलतो की जीएम विरघळतो आणि फासा न टाकताच हो म्हणतो. दुसरी मैत्रीण, तिने वटमध्ये ८ घातलेत, पण ती मुळात लाजाळू, दोन वाक्यं बोलून गप्प. तिचे पॉइंट फुकट गेलेत असं तिला वाटतं.

उत्तर: फुकटच गेलेत, तिला उगीच वाटत नाहीये. बळ ८ वाल्याला कोणी टेबल उचलून दाखव म्हणत नाही, मग वट ८ वालीला भाषण का करायला लावायचं? हा बॅलन्सचाच प्रश्न आहे, फक्त तो कागदावर दिसत नाही म्हणून राहून जातो.

क्रम बदला. आधी खेळणाऱ्याने दोनच गोष्टी साध्या शब्दांत सांगायच्या, समोरच्याकडून काय हवंय आणि त्याला काय देतो किंवा कशाची भीती घालतो. मुद्दा चांगला असेल तर +२, समोरच्याच्या वर्मावर बोट असेल तर अजून +२, बोलण्याच्या ढंगाला काही नाही. मग फासा. आणि निकाल कळल्यावर मग बोलायचं, जसा निकाल तसं. तुमच्या दशावतारवाल्या मित्राला हे सगळ्यात आधी जमेल, कारण तो रंगमंचावर हेच करतो, कथानक ठरलेलं असतं, शेवटी कोण मरणार कोण जिंकणार माहीत असतं आणि संवाद मात्र तिथल्या तिथे उभे करायचे असतात. वट २ असताना फासा पडला ३, आता याच तोंडाने त्या किल्लेदारासमोर कसा फजित होतो ते करून दाखव म्हणा, बघा काय रंगवतो! आणि मैत्रिणीने "मी त्याला त्याच्या मुलीच्या लग्नाची आठवण करून देते" एवढं एकच वाक्य बोलून १९ मिळवले तर किल्लेदार विरघळला, पुढचं जीएम बोलेल. तिला बोलायचं असेल तर बोलू दे, सक्ती नको. हळूहळू बोलायला लागतात तशी माणसं, पण त्यासाठी आधी त्यांचा आकडा चालला पाहिजे.

प्रश्न (माशेल): कुंभारजुव्याच्या कालव्यातली मोठी मगर हा आमचा बॉस. ४० हिट पॉइंट (शून्य झाले की मेली), चावा जबरदस्त. चौघांनी तिसऱ्या राउंडला मारून टाकली, कोणाला काही झालं नाही. मग पुढच्या बैठकीत आठ साधे दरोडेखोर आणले, चौघेही मेले! एक दरोडेखोर आमच्या एका खेळाडूएवढाच होता. मला काहीच अंदाज येत नाही.

उत्तर: दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट झाली, एका राउंडमध्ये कोणाला किती टर्न मिळाल्या हे तुम्ही मोजलं नाही. तुम्ही लिहिलंय की प्रत्येकाचा डॅमेज आठ बाजूंचा फासा अधिक ३, म्हणजे सरासरी ७.५, आणि वार ६०% वेळा लागतो, म्हणजे एका टर्नला सरासरी ४.५. चौघांचे मिळून राउंडला १८. चाळीसला अठराने भागा, तिसऱ्या राउंडला मगर संपणारच, ते नशीब नव्हतं. आणि तोवर मगरीला मिळाले दोन किंवा तीन चावे, त्यातला एखादा चुकला. हा एवढा गुणाकार आणि भागाकार प्रत्येक बॉससाठी आधी करून बघत जा, मागच्या पानावर दोन ओळींत होतो.

हिट पॉइंट ८० केले तर पाच राउंड चालेल, पण तीच लढाई लांबलेली, त्यात जीव नाही. मगरीला टर्न वाढवून द्या. दुसऱ्या खेळाडूच्या टर्ननंतर शेपटीचा फटका, बाजूला असलेल्या सगळ्यांना, डॅमेज थोडा पण होडी डगमगते. चौथ्यानंतर चावा. आणि हिट पॉइंट निम्मे झाले की ती एकाला धरून खोल पाण्याकडे ओढायला लागते, तीन राउंडमध्ये सोडवला नाही तर गेला. आता बाकी तिघांपुढे प्रश्न आला, वार करत राहायचं की त्याला धरायचं, आणि धरायला बळ लागणार, वार करायला चपळाई, म्हणजे वरच्या फोंड्याच्या मुलांचा प्रश्न पण इथे थोडा सुटतो. तिला मारायलाच पाहिजे असंही नाही. या कालव्यातल्या मगरी गोड्या पाण्याच्या जातीच्या असून खाऱ्या भरतीच्या पाण्यात राहतात आणि त्या भागात मातीची मगर करून पुजायची रीत आहे. श्रद्धा स्टॅट ठेवलात तो कधी वापरायचा मग? तिला जागेवरून हलवणं हाही जिंकण्याचाच एक मार्ग ठेवा.

दरोडेखोरांचं गणित जरा फसवं आहे. फ्रेडरिक लँचेस्टर म्हणून इंग्लिश इंजिनिअर होता, त्याने १९१६ साली विमानांच्या लढाईबद्दल लिहिताना दाखवलं की सगळ्यांना सगळ्यांवर मारा करता येत असेल तर फौजेची ताकद संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. चारचा वर्ग १६, आठचा ६४. तुम्हाला वाटलं दुप्पट अवघड, झालं चौपट. कारण तुमचा एक पडला की तुमची पाव ताकद गेली, त्यांचा एक पडला तर आठवा हिस्सा, आणि हे प्रत्येक राउंडला वाढत जातं. आठजण बरोबरीला आणायचे तर एकेकाची लायकी पाव करायला हवी, सोपा मार्ग म्हणजे निम्मे हिट पॉइंट आणि निम्मा डॅमेज. आणि तेवढं केलंत तरी बरोबरीची लढाई म्हणजे निम्म्या वेळा तुमचे खेळाडू मरणार हे लक्षात ठेवा, नेहमीच्या लढाईला त्याहून हलकंच ठेवायचं.

किंवा आकड्यांना हात न लावता जागा बदला. हेच आठजण बांधावर आणा. बांधावर दोन माणसं जेमतेम शेजारी उभी राहतात, मागचे सहा नुसते ओरडणार. सगळ्यांना सगळ्यांवर वार ही अटच मोडली, वर्गाचं गणित गेलं. त्यातला एखादा हुशार चिखलातून वळसा घालायला उतरला तर त्याच्यासाठी दमाचा फासा. आणि तुमचे चौघे मोकळ्या शेतात जाऊन उभे राहिले तर ती त्यांची निवड, तिथे आठांच्या आठ टर्न येऊ द्यात.

प्रश्न (साखळी): गेम तयार झाला हे कसं कळणार? किती वेळा टेस्ट करू?

उत्तर: किती वेळा हे महत्त्वाचं नाही, कोणाबरोबर हे आहे. तुमच्या ग्रुपला तुमच्या मनातलं कळतं, ते नियमातली भोकं आपोआप चुकवून खेळतात. म्हणून नियमांची वही दुसऱ्या ग्रुपला द्या, त्यांच्यातच कोणीतरी जीएम होऊ दे, आणि तुम्ही त्या टेबलाला बसू नका, शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत थांबा. त्यांनी विचारायला म्हणून तुम्हाला हाक मारली की उत्तर देण्याआधी तो प्रश्न लिहून घ्या, तो नियम परत लिहायचा आहे. आणि त्यात एक असा मित्र हवाच ज्याला आकड्यांतली फट शोधायची खोड आहे, त्याला स्पष्ट सांगा की हा गेम मोडून दाखव. असे मित्र एरवी टेबलावर त्रास देतात पण या कामाला त्यांच्यासारखं कोणी नाही. त्याने बनवलेलं कॅरॅक्टर आणि पहिल्यांदाच खेळणाऱ्या कोणीतरी बनवलेलं कॅरॅक्टर एकाच लढाईत उतरवा, आणि बैठक संपल्यावर नवख्याला एवढंच विचारा की तुझ्यामुळे काय काय झालं ते सांग. त्याला दोन-तीन गोष्टी पटकन आठवल्या तर छापायला घ्या. काहीच आठवलं नाही तर रेघांची वही काढा, त्याच्या स्टॅटपुढे किती रेघा आहेत ते आधी बघा.